बेने इस्रायली दफनशिलांवरून पेणकर घराण्याचा शोध : रेवदंडा ते मांडवी

माझ्या आईच्या माहेरच्या पेणकर घराण्याची वंशावळ गेल्या पावसाळ्यापर्यंत आईच्या पणजोबांपाशी येऊन थांबली होती. त्यांच्या पलीकडे घरात दोनच गोष्टी सांगितल्या जात : एक म्हणजे आपण मूळचे पेणचे असलो तरी मुंबईला आलो ते रेवदंड्याहून, आणि दुसरी म्हणजे पणजीबाई ‘काझीच्या घरची’, म्हणजे समाजाचे धर्मविधी चालवणाऱ्याच्या घरची, होती. आता या दोन्ही गोष्टींना कागदाचा किंवा दगडाचा थोडाफार आधार मिळू लागला असल्याने, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या घराण्यांचा मागोवा घेणाऱ्या सर्वांसाठी ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

आपल्या समाजाच्या वसाहतीची कथा नवगावपासून सुरू होते. अलिबागच्या उत्तरेला, किनाऱ्याला लागून असलेल्या या गावापाशी जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि लाटांनी किनाऱ्यावर आणलेली बाकीच्यांची प्रेते गावाजवळ पुरण्यात आली, अशी परंपरा आहे. त्या दफनाची जागा म्हणून दाखवले जाणारे उंचवटे आणि त्यांच्या सभोवतालची जुनी दफनभूमी आजही तेथे आहे. परंपरा ही घटना इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेऊन ठेवते. मात्र त्या उंचवट्यांवर एकही अक्षर नाही, आणि समाजाचा लेखी उल्लेख मिळू लागतो तो थेट अठराव्या शतकात; १७३८ साली एका डॅनिश मिशनच्या पाद्र्याने लिहिलेल्या पत्रातील उल्लेख हा त्यांतला अगदी आरंभीचा मानला जातो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलींमध्ये ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशांचा मोठा वाटा आढळला आणि त्यांचा संकर साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, आपल्यापैकी कोणीही आपली वंशावळ त्या सात जोडप्यांपर्यंत ओढत नेण्याचा प्रयत्न करू नये. नवगाव हे आपल्या सर्वांचे आहे आणि त्याच कारणाने ते कोणत्याही एका घराण्याचा पुरावा होऊ शकत नाही.

घराण्याचा पुरावा सुरू होतो तो आडनावापासून, आणि ते जपूनच वाचावे लागते. नवगावहून ही माणसे खाड्यांच्या आणि बाजारांच्या कडेने गावोगाव पसरली, घाणे घालून तेल गाळू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि ज्या गावात स्थिरावली त्या गावाच्या नावाला ‘कर’ लावून ओळखली जाऊ लागली. किहीमचे केहीमकर, दिव्याचे दिवेकर, अष्टमीचे अष्टमकर, रोह्याचे रोहेकर, झिराडचे झिराडकर, थळचे थळकर, चेऊलचे चेऊलकर ही सर्व त्याचीच उदाहरणे आहेत. परंतु हीच आडनावे त्याच गावांतील हिंदू आणि मुसलमान घराण्यांचीही असतात, त्यामुळे केवळ आडनावावरून यादीतले नाव आपले मानता येत नाही. शिवाय, पेणमध्ये राहणाऱ्याला पेणमध्येच कोणी पेणकर म्हणत नाही. ते नाव चिकटते गाव सोडल्यावर. आमचे घराणे पेणकर म्हणवते, याचा अर्थ मी असा घेतो की ते पेणमधून फार आधी बाहेर पडले होते. म्हणूनच शोधाची सुरुवात पेणपासून न करता मुंबईच्या दफनभूमीपासून केली आणि तेथून मागे मागे गेलो.

मुंबईतील एका जुन्या बेने इस्रायली दफनभूमीत आईच्या पणजोबांची शिळा उभी आहे. दगड काळा आहे. वरच्या भागात चार ओळी हिब्रू, खाली तीन ओळी बाळबोध मराठी. अक्षरे कोरून त्यांत शिसे भरलेले होते; बहुतेक शिसे निघून गेले आहे, पण ते पक्के बसावे म्हणून पाडलेली बारीक छिद्रे शिल्लक आहेत आणि अक्षर पूर्ण झिजले असले तरी छिद्रांच्या ठेवणीवरून ते ओळखता येते. अशी शिळा वाचण्यासाठी सकाळची तिरपी उन्हे सर्वांत चांगली. ती नसतील तर बाजूला आरसा धरून प्रकाश दगडावरून सरपटत जाईल असा पाडावा. साधे पाणी आणि मऊ ब्रश यापलीकडे दगडाला काहीही लावू नये. खडू, चुना, आम्ल किंवा तारेचा ब्रश वापरून ‘स्पष्ट’ केलेल्या शिळा पुढच्या पिढीला वाचता येत नाहीत, आणि त्या दगडाखेरीज त्या माणसाची दुसरी नोंद बहुधा कोठेही नसते. याबाबत मी सर्वांना कळकळीची विनंती करतो.

हिब्रू ओळींच्या आरंभी ‘पे’ आणि ‘नून’ ही दोन अक्षरे असतात. ‘येथे पुरले आहे’ असा त्यांचा अर्थ. शेवटी ‘ताव, नून, सादे, बेत, हे’ ही पाच अक्षरे असतात, ती मृताच्या आत्म्यासाठी केलेल्या प्रार्थनेची आद्याक्षरे आहेत. हिब्रू येत नसले तरी हे दोन अक्षरसमूह ओळखता आले की मधला मजकूर म्हणजे नाव, वडिलांचे नाव आणि तारीख एवढाच उरतो. वर्ष अक्षरांनीच लिहिलेले असते. आमच्या शिळेवर ‘ताव, रेश, नून, झाइन’ अशी अक्षरे आहेत : ४००, २००, ५० आणि ७, म्हणजे ६५७. हजारांचा आकडा गृहीत धरलेला असतो, म्हणून वर्ष ५६५७. या तीन आकडी संख्येत १२४० मिळवले की इसवी सन येतो, परंतु हिब्रू वर्ष भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांसाठी त्यातून एक वजा करावा लागतो. शिळेवरचा महिना किसलेव, म्हणजे साधारण नोव्हेंबर-डिसेंबर, आहे, म्हणून १८९७ नव्हे तर १८९६. खालच्या मराठी ओळीत ‘शके १८१८, कार्तिक शुद्ध’ एवढे वाचता येते, पुढचा तिथीचा आकडा झिजलेला आहे. १८१८ अधिक ७८ म्हणजे १८९६. दोन्ही ओळी एकमेकींना दुजोरा देतात.

येथे थोडे थांबणे आवश्यक वाटते, कारण ही पडताळणी कोकणातल्या शिळांवरच करता येते. हिब्रू महिना आणि आपला अमान्त महिना दोन्ही अमावास्येनंतर सुरू होतात, त्यामुळे हिब्रू तारीख आणि मराठी तिथी यांच्यात एक-दोन दिवसांपेक्षा अधिक अंतर सहसा पडत नाही. मात्र महिन्यांच्या जोड्या कायम राहत नाहीत. दोन्ही पंचांगांत अधिक महिना धरला जातो, पण हिब्रू पंचांगात तो नेहमी अदार महिन्याच्या ठिकाणीच येतो, आपल्याकडे मात्र तो वेगवेगळ्या महिन्यांत येतो. त्यामुळे १८९५ साली किसलेव मार्गशीर्षाबरोबर आला होता, तर १८९६ साली तोच किसलेव कार्तिकाबरोबर आला. ‘किसलेव म्हणजे मार्गशीर्ष’ असे कोष्टक पाठ करून शिळा वाचणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

शिळेवर तारीख ९ किसलेव अशी आहे. महानगरपालिकेच्या मृत्यूनोंदीच्या उताऱ्यात मात्र १३ नोव्हेंबर १८९६ ही तारीख मिळाली, आणि पंचांग पाहता ९ किसलेव म्हणजे १४ नोव्हेंबर. प्रथमदर्शनी एका दिवसाची तफावत दिसते, परंतु १३ नोव्हेंबरला शुक्रवार होता आणि हिब्रू दिवस सूर्यास्ताबरोबर बदलतो. मृत्यू शुक्रवारी दिवे लागल्यानंतर झाला असेल, तर सरकारी नोंदीत १३ आणि शिळेवर ९ किसलेव, असेच यायला हवे. शब्बाथाच्या, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतच्या विश्रांतीच्या, दिवशी दफन होत नाही, म्हणजे दफन शनिवारी सूर्यास्तानंतर किंवा रविवारी झाले असणार. दोन नोंदींतील या फरकामुळे दोन्ही नोंदी खऱ्या असल्याची माझी खात्री पटली. एकीवरून दुसरी उतरवली असती तर असा फरक पडला नसता.

नोंदीत पत्ता मांडवीचा आणि मृत्यूचे कारण ‘ताप’ असे आहे. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईतील प्लेगचे निदान केले ते याच मांडवी भागात. शेजारची शिळा पणजीबाईंची आहे आणि तिच्यावरील महिना तेवेत, म्हणजे लगतचाच. केवळ ‘ताप’ या शब्दावरून प्लेग ठरवता येणार नाही, परंतु त्या महिन्यांत प्लेगचे कितीतरी मृत्यू साध्या तापाच्या नावाखाली नोंदले गेले, हेही विसरता येत नाही. मुले लहान असताना आई-वडील दोघेही पाठोपाठ गेले आणि म्हणूनच घरात पुढची आठवण उरली नाही, असे मला आता वाटते.

मांडवीचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको. कंपनीच्या फौजेत सुभेदारी केलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईतील पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, बांधले ते येथेच, आणि कोकणातून येणारी कुटुंबे त्याच्याच आसपासच्या इस्रायल मोहल्ल्यात उतरत. दिवेकरांचे नाव आणखी एका कारणासाठी येथे घेत आहे. सामाजी हसाजी म्हणजेच शमुवेल, येहेज्केलचा मुलगा. जुन्या बेने इस्रायली नावांची रूपे अशी मराठी वळणाची असत : अब्राहामचा आबाजी, मोशेचा मुसाजी, दावीदचा दाऊदजी. आमच्या शिळेवरही वडिलांच्या नावाची हीच जोडी आहे. वर हिब्रूत येहेज्केल आणि खाली बाळबोधीत हसाजी. ही समीकरणे माहीत नसतील तर एकाच माणसाच्या दोन नोंदी दोन वेगळ्या माणसांच्या वाटतात.

हे वडिलांचे नाव हाती आल्यावर रेवदंड्याचा मार्ग मोकळा झाला. तेथील बेथ एल सिनेगॉग १८४२ चे, म्हणजे त्या काळी गावात बेने इस्रायलींची चांगली वस्ती होती. मात्र गावच्या दफनभूमीतील जुन्या कबरींवर अक्षर नाही, केवळ ओबडधोबड दगड उभे केलेले आहेत. याचे आश्चर्य वाटायला नको. मिशनऱ्यांच्या शाळा, कोचीनहून आलेले शिक्षक आणि १८३२ चे जॉन विल्सन यांचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण यांमुळे हिब्रूचे ज्ञान समाजात पुन्हा पसरू लागले ते एकोणिसाव्या शतकात, आणि शिळांवर अक्षरे दिसू लागतात तीही त्यानंतरच. त्यामुळे दगडांना रामराम करून सरकारी दप्तराकडे वळावे लागले.

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात दोन प्रकारची कागदपत्रे उपयोगी पडतात. पहिले गाव नमुना नंबर १४, ज्याला सारे जण कोतवाल बुक म्हणतात; त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी जातीच्या रकान्यासह असतात आणि जुन्या नोंदी मोडीत असतात. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधासाठी तहसील कार्यालयांनी ही दप्तरे बाहेर काढून स्कॅन केली, त्याचा आपल्यासारख्यांनाही मोठाच लाभ झाला आहे. दुसरे म्हणजे जमिनीचे फेरफार. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा असल्याने १८९६ मधल्या मृत्यूची वारसनोंद त्यांत मिळणार नव्हती, पण गावात मागे राहिलेला एखादा भाऊ असेल तर त्याची मिळू शकत होती. तशी ती मिळाली. नारळाच्या एका वाडीच्या वारस फेरफारात एका पेणकराचे नाव, वडिलांचे नाव हसाजी आणि तीन मुलगे आहेत. त्याच माणसाच्या मृत्यूची नोंद कोतवाल बुकात असून जातीच्या रकान्यात मोडीत ‘शनवार तेली’ असे लिहिले आहे. आडनाव, वडिलांचे नाव, गाव आणि जात हे चारही जुळत असल्याने त्यांना मी पणजोबांचे भाऊ मानले आहे, परंतु तक्त्यात ती रेघ सध्या तुटक ठेवली आहे. दोघांना एकत्र जोडणारा एखादा कागद मिळेपर्यंत ती तशीच राहील.

उरला तो ‘काझीच्या घरचा’ धागा. पणजीबाईंच्या शिळेवर मराठीत केवळ पतीचे नाव आहे, मात्र हिब्रू ओळीत ‘बात’, म्हणजे मुलगी, या शब्दापुढे वडिलांचे नाव स्पष्ट कोरलेले आहे. समाजातील काझीपण झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांत वंशपरंपरेने चालत असे. म्हणजे घरातली आठवण खरी असेल, तर शोध या तीनच आडनावांपुरता उरतो. त्यांपैकी राजपुरी जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानात होती, तिची दप्तरे कुलाब्याच्या दप्तरांहून वेगळी पाहावी लागतील, आणि तेच काम मी आता हाती घेतले आहे. या तीन घराण्यांपैकी कोणाकडे १८६५ ते १८८० या काळातील कतुबा, म्हणजे विवाहाचा करारनामा, जपून ठेवलेला असेल, तर त्यावरील वधूच्या वडिलांचे हिब्रू नाव आणि वराचे गाव एवढे दोनच तपशील कळवावेत. ते गाव रेवदंडा असेल, तर मूळ कागद पाहण्यासाठी मी स्वतः येईन.