पेन्शनसाठी पगार उतरवून घ्यावा का? माझा अनुभव

मँचेस्टरच्या ज्या कंपनीत मी नोकरी करते, तिने गेल्या हिवाळ्यात पेन्शनची वर्गणी सॅलरी सॅक्रिफाइस (पगारत्याग) पद्धतीने भरण्याचा पर्याय आम्हाला दिला आणि निर्णय कळवायला महिनाभराची मुदत ठेवली. तोवर माझ्या ४५,००० पौंड पगारातले पाच टक्के, म्हणजे वर्षाला २,२५० पौंड, माझ्या नावाने पेन्शनमध्ये जमा होत होते. नव्या पद्धतीत करारातला पगारच तेवढा उतरून ४२,७५० होणार होता आणि ती रक्कम कंपनी स्वतःची वर्गणी म्हणून भरणार होती.

आयकराची सवलत दोन्हीकडे सारखीच मिळते. फरक पडतो तो नॅशनल इन्शुरन्समध्ये, म्हणजे ब्रिटनमध्ये पगारावर कर्मचारी आणि कंपनी दोघांनाही भराव्या लागणाऱ्या सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीत. माझ्या पगाराच्या टप्प्यात त्याचा दर ८ टक्के असल्याने वर्षाला १८० पौंड वाचणार होते. त्याच रकमेवर कंपनीचे १५ टक्के, म्हणजे ३३७ पौंडांहून अधिक वाचतात, हे मात्र माहितीपत्रकात कुठेच नव्हते. काही कंपन्या त्यातला हिस्सा कर्मचाऱ्याच्या पेन्शनमध्ये घालतात. आमची घालत नाही, हे विचारल्यावरच समजले.

मला खरी काळजी होती ती वेगळीच. आम्ही दुसऱ्या अपत्याचा विचार करत होतो आणि आमच्याकडे प्रसूतिरजेत कायद्याने ठरलेल्या वेतनापलीकडे काही मिळत नाही. पहिल्या सहा आठवड्यांचे वेतन सरासरी पगाराच्या ९० टक्के असते आणि ती सरासरी उतरलेल्या पगारावर काढली जाते. हिशेब मांडला तेव्हा आठवड्याला सुमारे ३९ पौंड, म्हणजे सहा आठवड्यांत २३४ पौंड कमी पडत होते. वर्षभराची बचत त्यातच जिरून वर खिशातले जाणार होते. नकार कळवायचे मी जवळजवळ ठरवलेच होते.

तरीही एचआरला लेखी विचारले, की रजेच्या काळात पेन्शनचे काय होणार. उत्तर अनपेक्षित होते: प्रसूतिवेतनातून पगारत्याग करता येत नसल्यामुळे सगळी वर्गणी कंपनीचीच मानली जाते आणि पगारी रजेच्या ३९ आठवड्यांत ती पूर्वीच्याच दराने कंपनी स्वतःच्या खिशातून भरते. माझ्या बाबतीत ही रक्कम जवळपास १,६८८ पौंड होते. पारडे तिथेच फिरले. इतकी महत्त्वाची गोष्ट विचारल्याशिवाय सांगितली जात नाही, याचा राग मात्र आजही आहे.

घरकर्जासाठी बँक कोणता पगार धरेल, हाही प्रश्न होता. पगारवाढ आणि विम्यासाठी ४५,००० हाच संदर्भ पगार राहील, असे पत्र कंपनीकडून घेतले आणि आमच्या बँकेने ते मान्य केले. पुढेमागे पुण्याला परतलो तर पैसे अडकतील, ही नवऱ्याची शंका रास्त होती, कारण एप्रिल २०२८ पासून पेन्शनला हात लावण्याचे किमान वय ५५ वरून ५७ होते. पण ती अडचण पेन्शनमध्ये राहण्याची आहे, वर्गणी कोणत्या मार्गाने जाते याची नव्हे, आणि पेन्शन सोडली तर कंपनी तिच्या बाजूने भरते ते पगाराचे तीन टक्केही बुडतात.

शेवटी होकार कळवला. नोव्हेंबर २०२५ च्या ब्रिटिश अर्थसंकल्पात नॅशनल इन्शुरन्सची ही सवलत एप्रिल २०२९ पासून वर्षाला २,००० पौंडांपुरतीच ठेवण्याचे जाहीर झाले आहे. माझ्या सध्याच्या वर्गणीत त्यावरचे २५० पौंडच येतात आणि त्यांवर २० पौंड नॅशनल इन्शुरन्स लागेल. वर्गणी दहा टक्क्यांवर न्यायची असेल, तर त्याआधीची वर्षे अधिक फायद्याची आहेत, म्हणून पुढच्या पगारवाढीला तेवढे तरी वाढवून घेणार आहे.