तुम्ही विचारलंत म्हणून: सरड्याचे शुक्राणू हलत का नाहीत?

‘वृषणातला थेंब स्लाइडवर घेतला, एकही शुक्राणू हलत नाही. नमुना मेला का?’ पुण्यात प्राणिशास्त्र शिकणारी मुलं हे इतक्यांदा विचारतात, की एकदाचं लिहूनच टाकते. मेला की नाही, ते नुसत्या नजरेने ठरवू नका. ईओसिन-निग्रोसिन हे रंगद्रव्य लावा आणि २०० शुक्राणू मोजा. मेलेल्याचं डोकं गुलाबी होतं, जिवंताचं पांढरं राहतं. वृषणातले बहुतेक जिवंतच निघतील, फक्त स्वस्थ पडलेले. शेपटी हलवणारी सूक्ष्मनलिकांची ९+२ रचना (भोवती नऊ जोड्या, मध्ये दोन) झालेली असते, मध्यखंडात ऊर्जा देणारे मायटोकॉन्ड्रिया असतात, तरीही.

यावर माझं जुनं, एका ओळीचं उत्तर होतं: गती अधिवृषणात, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या वेटोळ्या नळीत येते. खोटं नाही ते, पण आता मलाच पुरत नाही. विणीच्या काळात टेस्टोस्टेरॉनमुळे अधिवृषणाच्या नळीचं अस्तर उंच होतं आणि स्रावाच्या कणांनी भरतं. युरोपातल्या झूटोका व्हिव्हिपारा या सरड्यात त्या स्रावातलं प्रथिन शुक्राणूच्या डोक्याला चिकटतं. पेशीपटल बदलत जातं. आतल्या संकेतांत सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीत निरोप पोचवणारा छोटा रेणू, महत्त्वाचं. खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या शुक्राणूंत ते वाढवलं की हालचाल वाढते.

मग प्रयोगाच्या जर्नलमध्ये ‘टेस्टोस्टेरॉनमुळे गती’ लिहून मोकळे होता. उत्तर अमेरिकेतला गार्टर साप बघा. शुक्राणू उन्हाळ्यात तयार होतात, हिवाळाभर नलिकांत साठून राहतात आणि वसंतातल्या मीलनात वापरले जातात. तेव्हा वृषणं आक्रसलेली असतात. इतके महिने ती क्षमता टिकते, याचं सगळं श्रेय एका हार्मोनला मी तरी देणार नाही.

आता तुमची स्लाइड. घोळ बहुधा तिथेच असतो. डिसेंबरातल्या सकाळी पुण्यात काच गार पडलेली असते. तिच्यावर शुक्रवाहिनीतल्या (अधिवृषणापुढच्या नळीतल्या) शुक्राणूचीही शेपटी मंदावते. काच, कव्हरस्लिप, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) तिन्ही २८ ते ३० अंशांवर आणा. उंदरासाठी लावलेला सूक्ष्मदर्शकाचा ३७ अंशांचा स्टेज तसाच ठेवू नका. साधं पाणी घालाल तर ते आत शिरतं, पेशी फुगते, शेपटीला वेटोळं पडतं. समपरासारी, म्हणजे पेशीतल्या द्रवाइतकाच दाट बफर हवा, पीएच ७.२ ते ७.४. वृषण, अधिवृषणाचं पुढचं टोक, मागचं टोक आणि शुक्रवाहिनी, चौघांना वेगळी ब्लेड, वेगळी काच. एकाच कात्रीने सगळं कापलंत तर मागचे चपळ शुक्राणू वृषणाच्या थेंबात येतात आणि मला ‘वृषणातच हलतात हो!’ असं ऐकवलं जातं. वाहिनीतला थेंब पिठल्यासारखा दाट असतो. त्या गर्दीत शेपटीला हलायला जागा नसते, म्हणून आधी पातळ करा, मग मत द्या. अवस्करातून (मलमूत्र आणि वीर्य बाहेर पडतं त्या एकाच वाटेतून) घेतलेल्या नमुन्यात पांढरे युरेटचे, म्हणजे मूत्रातले, कण दिसले तर तो गतीसाठी मोजू नका.

आणि महिना लिहा. पुण्यातला बागेतला सरडा पावसाळ्याच्या आगेमागे विणीत असतो. हंगाम सरला की वृषणं लहान होतात, अधिवृषण रिकामं. जानेवारीतल्या नराच्या स्लाइडवर ‘गती: शून्य’ लिहाल, तर शेजारच्या रकान्यात शुक्राणू मुळात किती होते तेही लिहा.