तुम्ही विचारलंत म्हणून: महाराष्ट्र न पाहिलेला मराठीचा मास्तर

जुन्या मराठी छपाईचा विषय काढला की मला हमखास एक प्रश्न येतो. महाराष्ट्रात कधी पाऊलही न टाकलेल्या एका इंग्रज पाद्र्याचं एवढं काय घेऊन बसलात? विचारलंत म्हणून सांगतो. विल्यम केरी मला पाद्री म्हणून दिसतात त्याच्या आधी खेड्यातले मास्तर म्हणून दिसतात.

जन्म १७६१ चा, नॉर्दम्प्टनशरमधल्या पॉलर्सपरी या खेड्यातला. वडील विणकर, पुढे गावच्या शाळेचे मास्तर. मुलगा जोडे शिवायला शिकला. मोल्टनला तो बॅप्टिस्ट मंडळीचा पाळक झाला, पण पाळकाच्या मिळकतीत घर चालेना म्हणून शाळा घेतली. शाळाही चालेना, तेव्हा पुन्हा जोडे शिवणं आलंच. त्या जोड्यांच्या खोलीत कागद एकमेकांना चिकटवून केलेला जगाचा मोठा नकाशा भिंतीवर होता आणि देशादेशाची माहिती त्यावर लिहिलेली होती. मित्र अँड्र्यू फुलर यांनी तो पाहिल्याचं सांगून ठेवलंय.

१७९३ मध्ये ते बंगालला आले. मुदनाबाटीला निळीच्या कारखान्यावर नोकरी केली, तिथेही मुलांची शाळा काढली. १८०० मध्ये कलकत्त्याजवळचं (आपल्याकडचं नव्हे) श्रीरामपूर गाठलं, कारण ते डेन्मार्कच्या ताब्यात होतं आणि कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. आणि गंमत अशी, की पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने त्यांना कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात, म्हणजे आपल्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणाऱ्या कॉलेजात, शिकवायला घेतलं. आधी बंगाली आणि संस्कृत, मग मराठी. १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांशी युद्ध पेटलं होतं. मराठी येणारे अधिकारी कंपनीला हवेच होते. केरींचं १८०५ चं मराठी व्याकरण या गरजेतून आलं, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तरी मला ते पुस्तक प्रिय आहे. समोर विद्यार्थी बसलेत, हातात पुस्तक नाही, मग आपणच लिहायला हवं, असा तो मास्तरी खाक्या आहे. १८१० चा मराठी कोश तर मोडी टाइपात छापला.

त्यांची पत्रं आणि कागद आज बरेचसे ऑक्सफर्डच्या रीजंट्स पार्क कॉलेजच्या अँगस ग्रंथालयात आहेत. त्यांच्या रोजनिशीत मला सर्वांत जड जातात ती १७९४-९५ ची पानं. पाच वर्षांचा पीटर तापाने गेला आणि त्यानंतर बायको डोरोथीचं मन ढळलं. तिला मुळात हिंदुस्थानात यायचंच नव्हतं. लग्नाच्या वेळी तिला स्वतःची सहीही करता येत नव्हती. म्हणजे नवऱ्याच्या हातची एवढी पानं आणि तिच्या बाजूने काहीच नाही. १८०७ मध्ये ती वारली. केरींचं कौतुक करणारे हा भाग भराभर उरकतात, तो मला त्यांच्यावरचा अन्याय वाटत नाही; तो डोरोथीवरचा वाटतो.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या मिशनच्या छापखान्याला आग लागली. केरी तेव्हा कलकत्त्यात होते. कागदाचा साठा गेला, टाइप वितळला, वर्षानुवर्षं जमवलेली हस्तलिखितं राख झाली. त्यांत अनेक भाषांचा एकत्र कोशही होता. यंत्रं वाचली, अक्षरांचे ठसेही. वितळलेल्या धातूतून लगेच टाइपाचे नवे खिळे ओतायला घेतले आणि केरी जळालेलं पुन्हा लिहायला बसले. नेटाने रेटत राहणं एवढंच आपल्याला जमतं, असं ते स्वतःबद्दल म्हणत.

पण मराठीचं श्रेय एकट्या केरींच्या पदरात टाकू नका. त्यांच्या मराठीमागे कॉलेजातले वैजनाथ पंडित होते, आणि मदत झाल्याचं केरींनी स्वतः लिहिलंय. १८१४ ची छापील मराठी सिंहासनबत्तीशी याच वैजनाथांची. अभ्यासक्रमात केरींचं नाव येतं तिथे वैजनाथांचंही आलं पाहिजे, त्याच वाक्यात.