पाल्याचा ढीग

पानगळ सुरू झाली की बागेत कामांची रांग लागते. थकलेल्या वेली मांडवावरून उतरवायच्या, बियाण्यासाठी राखलेल्या शेंगा खुडायच्या, रिकाम्या वाफ्यांतले तण मुळासकट काढायचे, खुरपी-कुदळींची माती खरवडून त्यांना तेलाचा हात फिरवायचा. परवा दुपारी खराटा घेऊन पाने लोटायला लागले आणि ही सारी कामे तशीच राहिली, याचे मला फारसे वाईट वाटले नाही.

पाने जाळीच्या कुंपणात भरायची, कोरडी असतील तर चांगली भिजवायची आणि मग त्यांच्या वाटेला जायचे नाही, हा माझा शिरस्ता. हिरवा पाला घातलेला ढीग जिवाणूंच्या जोरावर ६० अंशांपर्यंत तापतो आणि काही महिन्यांत खत देतो. नुसत्या वाळक्या पानांत राज्य असते बुरशीचे, आणि तिला घाई ठाऊक नाही. वर्ष तरी जाते, चिवट पानांना दोन वर्षेही लागतात. पाने आधी बारीक केली तर लवकर उरकते, हे खरे. पण हे काम लवकर उरकावे असे मला कधी वाटलेलेच नाही.

जुना ढीग उपसताना मधल्या थरात अर्धवट कुजलेली पाने हाताला लागतात. मऊ भाग गेलेला, शिरांची जाळी तेवढी शाबूत. शाळेत असताना अशी जाळी मिळवण्यासाठी आम्ही पाने पाण्यात घालून ठेवत असू. भांड्याला वास सुटला की आई ते घराबाहेर काढायला लावी. पुढे बोटाने गर अलगद पुसून काढलेले ते पान वहीत जाई आणि गणितांवर पिवळट डाग उमटत. त्यावर बाई काय म्हणत, ते सांगायला नको.

गंमत म्हणजे या खतात पोषण बेताचेच. पान सोडण्यापूर्वी झाड त्यातले नत्र आणि स्फुरद बरेचसे परत ओढून घेते, देठाशी पेशींचा पडदा घालते आणि मगच त्याला निरोप देते. आपल्या हाती येते ते हिशेब चुकता झालेले पान. तरीही तो काळा भुसा रेताड मातीत मिसळला की ओल टिकते आणि चिकण मातीत मिसळला की ती मोकळी होते. गांडुळे तर पाने स्वतःच बिळात ओढून नेतात, तीही बहुधा टोकाकडून धरून. हे तपासायला चार्ल्स डार्विनने कागदाचे त्रिकोण कापून त्यांच्यापुढे टाकले होते आणि १८८१ साली, बहात्तराव्या वर्षी, ते सगळे गंभीरपणे छापले. मला तो माणूस त्यासाठीच अधिक आवडतो.

शेजारचे पाने पेटवून मोकळे होतात. मी आधी समजावून पाहिले, मग वाद घातला. आता सरळ पोते घेऊन पाने मागायला जाते. ते देतात. बाईचे डोके फिरले आहे असे त्यांना वाटत असावे. वाटू दे.