पितृपक्षातली घोडी

गोलूच्या आईची पहिली तक्रार "पोरगं चालत नाही" ही नव्हतीच. ती म्हणाली होती, "ताई, याले चड्डी घालाले दोन माणसं लागतस."

सहा वर्षांचा मुलगा. सातव्या महिन्यात जन्मलेला. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा होऊन स्नायूंवर नीट ताबा न राहणं, त्यातही दोन्ही पाय आखडणारा प्रकार. उभा केला की मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर चढायच्या. आजीनं गुडघे फाकवून धरायचे आणि आईनं चड्डी ओढायची, दिवसातून चार-पाच वेळा. आजी शेतात गेली असली की पोरगं तसंच ओल्या चड्डीत.

शहाद्यात माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. मांड्या मोकळ्या करायला माझ्याकडे होता एक पाण्याचा निळा ड्रम, आडवा टाकून वर गोधडी गुंडाळलेला. त्यावर गोलूला पाय दोन्हीकडे सोडून बसवायचं आणि डोलवायचं. पाच मिनिटांत तो रडायला लागायचा. रडला की पाय आणखी आवळायचे, म्हणजे मिळवलेलं तेही गेलं.

नाना तेव्हा आखडलेल्या खांद्यासाठी यायचे. त्यांचा धंदा वरातीला घोडी देण्याचा. शेक घेत बसल्या बसल्या त्यांनी दोन-तीन दिवस हा तमाशा पाहिला आणि एक दिवस म्हणाले, "ड्रमवर काय बसाडतस ताई, मन्ही घोडीवर बसाडा ना. पितरपाटात घोडी रिकामीच शे."

मी हसले. पण रात्री झोप येईना, कारण नाना म्हणाले ते मी कॉलेजात शिकले होते आणि पेपर लिहून विसरले होते. घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवी आणि थोडी पिळून हलते, म्हणजे माणूस चालताना त्याची कंबर हलते तशीच. मिनिटाला शंभराच्या आसपास पावलं. जे मूल कधी चाललेलंच नाही त्याच्या कमरेला चालणं कसं असतं ते कळतं, तेही बसल्या जागी. शिवाय घोड्याचं अंग आपल्यापेक्षा अंशभर जास्त गरम. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना 1944 मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय लुळे राहिले. घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा, तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक घेतलं. युरोपात घोड्यावरच्या उपचारांनी जोर धरला तो त्यानंतर. आणि 2003 मध्ये अमेरिकेत 15 मुलांवर झालेला एक अभ्यास तर थेट माझ्या ड्रमवरच होता. काही मुलांना 8 मिनिटं चालत्या घोड्यावर बसवलं, बाकीच्यांना 8 मिनिटं पिंपावर. दोन्हीकडच्या स्नायूंचा ताण सारखा होण्यात घोडेवाली मुलं पुढे निघाली. त्यांचं पिंप जागचं हलत नव्हतं, मुख्य फरक तोच.

तरी लगेच हो म्हटलं नाही. अशा मुलांचा खुबा बऱ्याचदा हळूहळू जागेवरून सरकत असतो. सरकलेल्या खुब्याच्या मुलाला घोड्यावर बसवणं म्हणजे वेडेपणा. एक्स-रे काढला, खुबे जागेवर होते. फिट येत नव्हत्या. घोडीला सरकारी पशुवैद्यकांना दाखवलं, ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घेतली, कारण हा रोग घोड्याकडून माणसाला होतो. नानांना याचा जरा राग आला. घोडी सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारातून पारखून आणलेली, तिच्यात खोट काढणं म्हणजे त्यांच्यातच काढणं.

त्या सकाळी गोमाई नदीच्या काठी मोकळ्या जागेवर आम्ही जमलो. वरातीची घोडी म्हणजे डीजे, फटाके, पायात नाचणारी पोरं, सगळं पचवलेली. एवढं शांत जनावर ठरवून शोधलं असतं तरी मिळालं नसतं. नानांनी खोगीर काढून दुहेरी घोंगडी आवळली, म्हणजे मुलाला घोडीचं अंग जाणवेल. गोलूच्या डोक्यावर सायकलचं हेल्मेट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून त्याला वर घ्यायचं, असं ठरलं.

आणि तिथेच अडलं. घोडी जवळ आली तशी गोलूची घाबरगुंडी उडाली आणि पाय असे आवळले की मधून कागद सरकला नसता. बाप जोर लावायला निघाला, त्याला थांबवलं. आखडलेल्या स्नायूला ओढलं की तो जास्त ओढतो. शेवटी गोलूला घोडीच्या पाठीवर पालथं, आडवं टाकलं, धान्याचं पोतं टाकतात तसं. नाना लगाम धरून नुसते उभे. घोडी श्वास घेत होती आणि तिच्याबरोबर गोलू वर-खाली होत होता. त्याचा गाल तिच्या बरगडीला टेकला होता, हाताची घट्ट मूठ हळूहळू सुटली आणि बोटांनी केस धरले. तीन-चार मिनिटांनी मी त्याचा उजवा पाय उचलून पलीकडे नेला. गेला. अगदी सहज नाही, पण गेला.

मग चाल. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला मी, दोघांचे हात त्याच्या मांडीवर. पहिल्या फेरीला तो वाकून आयाळ धरून होता. तिसऱ्या फेरीला पाठ थोडी सरळ झाली. पाचव्या फेरीला बापाच्या हाताला काहीतरी गरम लागलं. गोलूनं घोंगडी भिजवली होती. आई शरमेनं लाल. नाना मागे वळूनही न बघता म्हणाले, "राहू द्या. नवरदेवेसनं काय काय व्हस ते माले माहीत शे."

पंधरा मिनिटांत उतरवलं. मी घाईनं कोनमापक काढला. सकाळी मांडी बाहेर जात होती 15 अंश, आता 28. मी आकडा वहीत लिहीत होते. आई तोपर्यंत ट्रॉलीच्या कडेला ओली चड्डी बदलत होती. अचानक ती थांबली. कोरडी चड्डी गुडघ्यापर्यंत चढली होती आणि पाय कुणीच धरलेले नव्हते. तिनं ती पुन्हा खाली ओढली, पुन्हा वर घेतली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, मी एकटीनी घाली दिधी."

माझा 28 चा आकडा त्यापुढे काहीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. पाय पुन्हा आवळले होते. मला ते अपेक्षित होतं. त्या माऊलीला मात्र नव्हतं, आणि आधी सांगून ठेवलं नाही ही चूक माझी. मोकळा झालेला स्नायू काही तासांत मूळ वळणावर जातो. पुन्हा पुन्हा करत राहायचं आणि त्या मोकळ्या वेळात उभं राहण्याचा व्यायाम उरकायचा, हाच त्याचा उपयोग. घोडी म्हणजे औषधाची गोळी नाही. घोड्यावरून मूल चालत उतरलं अशा गोष्टी मोबाईलवर फिरतात त्या पाहून मला हल्ली चीड येते.

पुढची अडचण साधी होती. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, घोडी कुठून मिळणार? मी नानांना विचारायला गेले. त्यांनी वरातींची वही काढली, वेळ आणि गाव लिहिलेली. थुंकी लावून पानं उलटली आणि मंगळवारी सकाळच्या रकान्यात बॉलपेननं लिहिलं: गोलू, गोमाईकाठ, बँड नाही.