कॅसान्ड्रा क्लस्टरमध्ये नवा नोड जोडताना

गणपती ते दिवाळी हा ऑनलाइन विक्रीवर चालणाऱ्या कंपन्यांचा सर्वांत धावपळीचा काळ. म्हणून पुण्यात बसून अशा कंपन्यांचे कॅसान्ड्रा क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरचा गट) सांभाळणाऱ्यांनी नवे नोड, म्हणजे गटातले नवे सर्व्हर, जोडण्याचे काम आषाढातच उरकून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. नवा नोड आल्याबरोबर भार हलका होत नाही. उलट आपल्या वाट्याचा डेटा तो जुन्या नोडकडूनच मागवून घेतो, आणि तेवढा वेळ त्यांच्या डिस्कवर व नेटवर्कवर जादा ताण पडतो.

मी अपाची कॅसान्ड्रा या अनेक सर्व्हरवर पसरलेल्या डेटाबेसबद्दल लिहीत आहे. यात मुख्य सर्व्हर असा कोणी नसतो. सगळे नोड समान असतात आणि गॉसिपद्वारे, म्हणजे आपसात सतत निरोप पाठवून, एकमेकांची खबर ठेवतात. त्यामुळे चुकीचे कॉन्फिगरेशन घेऊन आलेल्या नोडला अडवणारे कोणी नसते. क्लस्टरचे नाव जुळले नाही तर तो आत येतच नाही, हे बरेच. बाकीच्या चुका मात्र सहज खपून जातात. डेटासेंटरचे नाव हे त्याचे उत्तम उदाहरण. क्लस्टर पुणे आणि मुंबई अशा दोन ठिकाणी असेल आणि नव्या नोडवर ‘पुणे’च्या स्पेलिंगमधले पहिले अक्षर कॅपिटलऐवजी स्मॉल पडले, तर कॅसान्ड्रा ते तिसरेच डेटासेंटर समजते. नोड चालू दिसतो, पण कीस्पेसच्या (टेबलांच्या संचाच्या) रेप्लिकेशनमध्ये, म्हणजे डेटाच्या प्रती कुठे ठेवायच्या या नोंदीत, ते नाव नसल्याने तुमच्या टेबलांमधली एकही ओळ त्याच्याकडे जात नाही.

टोकनच्या, म्हणजे नोडच्या वाट्याला डेटाचे किती हिस्से येणार हे ठरवणाऱ्या खुणांच्या, संख्येकडेही असेच लक्ष द्यावे लागते. ४.० आवृत्तीपासून ती मुळात १६ असते, त्याआधी २५६ असे. जुन्या क्लस्टरमध्ये नवी कॉन्फिगरेशन फाइल जशीच्या तशी वापरली, तर नव्या नोडच्या वाट्याला इतरांच्या साधारण सोळाव्या हिश्श्याएवढाच डेटा येतो आणि सगळा खटाटोप वाया जातो.

सर्वांत घातक चूक सीडच्या, म्हणजे नवा नोड ज्यांच्याशी आधी संपर्क साधतो त्या नोडच्या, यादीत होते. या यादीत नव्या नोडचा स्वतःचा पत्ता कधीही घालू नये, कारण सीड नोड बूटस्ट्रॅप करत नाही, म्हणजे जुन्या नोडकडून आपला डेटा मागवून घेत नाही. तो रिकाम्या हाताने थेट रिंगमध्ये (नोडच्या वर्तुळाकार मांडणीत) शिरतो आणि आपल्या हिश्श्याचे रीड (डेटा वाचण्याच्या विनंत्या) घेऊ लागतो. कन्सिस्टन्सी ‘वन’ असेल, म्हणजे एकाच नोडचे उत्तर पुरेसे धरले जात असेल, तर ग्राहकाची ऑर्डर टेबलात असूनही ‘सापडली नाही’ असे उत्तर जाते.

सगळे नीट असेल तर ‘नोडटूल स्टेटस’ या कमांडमध्ये नव्या पत्त्यासमोर आधी ‘यूजे’ (चालू, पण अजून सामील होत असलेला) दिसते. या काळात नव्या राइट त्याच्याकडेही जातात, रीड मात्र जात नाहीत. डेटा किती आला हे ‘नोडटूल नेटस्टॅट्स’वर पाहत राहावे आणि ‘यूएन’ (चालू आणि पूर्ण सामील) दिसेपर्यंत दुसऱ्या नोडला हात लावू नये. एकाच वेळी तीन-चार नोड चढवण्याचा मोह होतो, पण टोकनच्या हद्दी एकाच वेळी सरकू लागल्या की कोणता डेटा कोणाकडून घ्यायचा याचा मेळ बिघडू शकतो.

नोड जोडला म्हणजे काम संपले, असे अनेकजण धरून चालतात. जुन्या नोडवरचा हस्तांतरित झालेला डेटा आपोआप पुसला जात नाही. त्यासाठी प्रत्येक जुन्या नोडवर ‘क्लीनअप’ चालवावे लागते. सगळे नवे नोड स्थिरावल्याची खात्री होईपर्यंत मी ते चालवत नाही, कारण तोवर तीच आपली जादाची प्रत असते. पण ते कायमचे टाळताही येत नाही: पुढे हद्दी पुन्हा बदलून तो हिस्सा त्याच नोडकडे परत आला, तर मधल्या काळात डिलीट केलेल्या नोंदी पुन्हा जिवंत होऊ शकतात. क्लीनअप एसएसटेबल (डिस्कवरच्या डेटा फाइल) नव्याने लिहून काढते, त्यामुळे डिस्कवर मोकळी जागा आधी तपासावी आणि एका रात्री एकच नोड घ्यावा.