भाऊबीजेची भरती

गुहागरजवळच्या हेदवीची बामणघळ बघायला मी तीनदा गेलोय आणि त्यातल्या दोन वेळा फक्त एक भेग बघून परत आलोय. खरंच भेग. काळ्या कातळात समुद्राकडून आत आलेली अरुंद लांबलचक चीर, तळाशी थोडंसं पाणी आणि त्या पाण्यात तरंगणारी कोणाची तरी एकच चप्पल. चिपळूणहून गाडी हाणत आलो, देवळातल्या दहा हातांच्या गणपतीला घाईत नमस्कार केला, किनाऱ्यावरच्या उमा-महेश्वराच्या देवळाशेजारून दगडांवरून घसरत घसरत इथवर पोचलो ते ही चप्पल बघायला का, असं झालं.

फोटोत तर काय, पाणी असं कारंज्यासारखं उडालेलं आणि पोरं किंचाळतायत. म्हटलं हे आता होईल, मग होईल. अर्धा तास बसलो. बायको म्हणाली, स्विच कुठेय बघ ना याचा.

ती पौर्णिमा होती, डिसेंबरातली, संध्याकाळचे साडेपाच. खालच्या खडकांवर दोन बायका कालवं काढत होत्या. एका हाताने दगड धरायचा, दुसऱ्या हातातल्या लोखंडी हत्याराने शिंपल्याच्या कडेवर टकटक करायचं, झाकण निघालं की आतलं ओलं राखाडी कालव बोटाने डब्यात. तीन सेकंदात एक. मी विचारलं, मावशी, पाणी कधी उडतं हो इथे? तिने मान वर न करताच सांगितलं, "आता सुकती हाय. दुपारी याचं व्हतं." आणि परत टकटक. जरा विचार केला असता तर मलाच कळलं असतं, कारण भरती असती तर त्या बायका तिथे बसल्याच नसत्या.

मग घरी येऊन एका ओळखीच्या कोकणी काकांकडून गणित शिकलो. शाळेत भरती-ओहोटी शिकवली होती, चंद्र, गुरुत्वाकर्षण, आकृती काढा पाच मार्क, पण हे कोणी सांगितलं नव्हतं. तिथीची पाऊणपट करायची, जे येईल ते भरतीचे वाजले. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीन वाजता पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पौर्णिमा असो की अमावस्या, त्यानंतर परत एकपासून मोजायचं. यात कमाल काही नाही, चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागे, म्हणून दर तिथीला पाऊण तास पुढे. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण त्यासाठी ना रेंज लागते ना अ‍ॅप, भिंतीवरचं कॅलेंडर बास. मी पौर्णिमेला साडेपाचला गेलो होतो, म्हणजे बरोब्बर ओहोटी गाठून. नेम धरून सुद्धा इतकं जमलं नसतं.

दुसऱ्या वेळी मी हुशार झालो होतो, आणि अर्धवट हुशारीने जे होतं तेच झालं. मे महिना, सोबत आईबाबा, आधी हरिहरेश्वर. तिथली गोष्ट नेमकी उलटी, तिथे प्रदक्षिणेला ओहोटीच लागते. दोन कड्यांच्या मधून पायऱ्या उतरून खाली गेलं की डोंगराला वळसा घालत समुद्राच्या अगदी लगत खडकावरून चालायचं, भरतीला ही वाट पाण्यात जाते आणि लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना झाल्यात, त्यामुळे तिथल्या पाट्या मी तरी सिरियसली घेतो. आम्ही गेलो त्या दिवशी अष्टमी. भरती सहाला म्हणजे ओहोटी बाराला, हिशोब चोख. फक्त मे महिन्यातले दुपारचे बारा आणि काळा दगड हे गणितात कुठे धरलेलं नव्हतं. त्यात बाबांनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या, प्रदक्षिणा आहे म्हणे. आई आयुष्यात इतकी भराभर चालली नसेल.

पण त्या भाजक्या वाटेवर एक जागा आहे जिथे पाय भाजत असले तरी थांबावं लागतं. कड्याच्या दगडाला जाळी पडलीय, अगदी मधाच्या पोळ्यासारखी, काही भोकांत बोट जाईल आणि काहींत मूठ. कोणी कोरलेली नाही. लाटेचे तुषार दगडात मुरतात, पाणी वाळतं, मीठ मागे राहतं, त्याचे खडे आतल्या आत फुगतात आणि दगडाचा कण कण सुटतो. एक भोक पडलं की त्यात जास्त खारं पाणी साठतं म्हणून ते अजून खोल. मी एका भोकात बोट घालून फिरवलं तर बोटाला बारीक काळी रेती लागली, चाटून बघितली, खारट. आई म्हणाली, लहान आहेस का तू.

तिथून बागमांडल्याच्या जेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, सावित्री ओलांडून वेसवी, रात्री दापोलीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी दाभोळ-धोपावे जेटी आणि गुहागर. जेटीत गाडीतून उतरून रेलिंगला उभं राहायचं, दहा-पंधरा मिनिटं कोणी काही बोलत नाही. नवमी होती, भरती पावणेसात, मेमध्ये तेव्हा उजेडही असतो. मी सगळ्यांना बजावून घळीशी सहालाच नेऊन बसवलं. पाणी आलं. खरंच आलं, घळीत पार आतपर्यंत आलं, आणि गुळगुळ असा आवाज करून परत गेलं. एवढंच. बाबांनी दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाले, चूळ भरतोय.

तर अर्धं गणित माझं राहिलं होतं. अष्टमी-नवमीची भरती म्हणजे भांगाची भरती, चंद्र एकीकडे ओढतो आणि सूर्य भलतीकडे, पाणी धड चढत नाही की धड उतरत नाही. उधाण अमावस्या-पौर्णिमेचं. आणि त्यातही पाण्याचा जोर एक-दोन दिवस मागून येतो, म्हणजे प्रतिपदा-द्वितीया भारी.

आरे-वारेला असली काही भानगड नाही बघा. रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जाताना घाट चढला की वळणावर गाडी लावायची, खाली दोन्ही बाजूंना वाळूची कमान, सुरूचं बन, फेसाची पांढरी रेघ, कधीही जा, आहेच. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण माझं तिथे पाच मिनिटांत होतं. फोटो काढला, सरबत प्यायलो, झालं. ज्याला माझ्या यायच्या वेळेशी काही देणंघेणं नाही ते बघायला मला जास्त मजा येते, असं दिसतंय.

बहीण चिपळूणला दिलेली आहे. मागच्या दिवाळीत तिच्याकडे निघताना डोक्यात सहज आलं, भाऊबीज म्हणजे द्वितीया. दोन पाऊणे दीड. उधाणाची, आणि दुपारी दीडची! आणि हे दर वर्षी, कारण भाऊबीज काही तारखेने येत नाही. मी चाळीस भाऊबिजा श्रीखंड खाऊन झोपून घालवल्या होत्या.

ताईला सांगितलं, ओवाळणी संध्याकाळी. ती म्हणाली पुऱ्या कोण खाणार. निघालो तरी.

एक वाजता घळीशी. या वेळी आवाज लांबूनच येत होता. लाट आधी मागे जाते, घळ सगळी रिकामी होते, खालचे शेवाळलेले दगड उघडे पडतात आणि मोरीतून पाणी जावं तसा ओढल्याचा आवाज येतो. मग क्षणभर काहीच नाही. मग खालून धप्प, ते कानाला नाही, तळपायाला कळतं, कारण लाट त्या चिंचोळ्या जागेत शिरली की बाजूला जायला वाट नसते, पुढे भिंत, मागून अजून पाणी येतंच असतं, मग वरच. माझ्या डोक्याच्या वर गेलं, दुप्पट तरी, आणि खाली येताना एकसंध नाही तर मूठभर खडे फेकल्यासारखं आलं. चष्मा, मोबाईल, भाऊबीजेचा नवा शर्ट सगळं खारं. कडेपासून मी चांगला लांब होतो, तरीही. पूर्वी एक बामण घळीत पडला म्हणून बामणघळ असं सांगतात, ते मला तेव्हा पटलं.

दोनदा उडालं, मग चार लाटा नुसत्याच, मग परत. अडीचपर्यंत बसलो. पाणी हळूहळू उतरायला लागलं, आणि डबा घेतलेली एक बाई लांब दगडावर येऊन उकिडवी बसली. तिला अजून तीन तास होते, पण घाई काहीच नव्हती.

ताईकडे पोचेपर्यंत शर्टावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. तिने निरांजन लावता लावता सगळं ऐकून घेतलं, गणितासकट, आणि म्हणाली, "मग राखीपौर्णिमेला सव्वाअकरा ना?"

म्हटलं, श्रावणात तिथे दगडावर पाय ठेवायचा नाही.

"लांबून," ती म्हणाली. "आणि पुऱ्या डब्यात घेऊ."